मोजणी

तिकीट काढून तुरुंगात शिरले
आयुष्यात पहिल्यांदा.
एरवी गेटवर वहीत सही, अंगाची झडती,
डब्यातली भाकरीसुद्धा मोडून बघायचे.

मेन राज्य, यॉर्क गाव.
समुद्र दिसत नाही, पण वारा ओठांवर खारट लागतो.
टेकाडावर लाकडी घर, उतरत्या छपराचं,
आणि घराच्या पोटात दगडी कोठडी
मुतखड्यासारखी.

इंग्रजांच्या अमलात बांधलंय, लोइस म्हणाली,
टोपीला फीत बांधलेली म्हातारी गाईड.
मी म्हटलं, आमचंही त्यांनीच बांधलं.
केतकी माझं बोलणं तिला इंग्रजीत सांगत होती,
एवढं वाक्य तिनं गाळलं.

भिंत वितीनं मापली. तीन विती, वर चार बोटं.
खिडकीच्या गजांना करवतीचे दात.
हे बरं सुचलं यांना, मनात नोंद झाली,
निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी.

आमच्याकडे म्हणतात, बिनभाड्याची खोली.
हे मात्र केतकीनं सांगितलं.
लोइस हसली नाही.
इथं भाडं होतं, म्हणाली.
अन्नाचं, सरपणाचं, बेडी काढण्याचंही.
सावकाराचं कर्ज फिटलं
तरी जेलरचं फिटेपर्यंत माणूस आतच.

जेलर इथेच राही, बायकापोरांसकट.
कोठडीला भिंत लागून त्यांची चूल.
माशाचं कालवण रटरटत असेल
तेव्हा आतल्यांना वास तेवढा फुकट.
त्याचा दर कुठल्या पाटीवर दिसला नाही.

त्या जेलरची बायको कशी होती हो?
लोइस म्हणाली, तिच्याबद्दल कागद नाहीत.

मला माहीत आहे कशी होती.
रात्री अंथरुणातून उठून
कुलूप एकदा ओढून बघणारी.
एक भाकरी जास्त थापून
चुकून झाली म्हणणारी.
तिचे कागद कोण करणार?

तनय पळत कोठडीत शिरला.
"आजी, दार लाव!"
गेल्या मंगळवारी त्याला सहा पूर्ण झाली.

सहा.
साताऱ्याला आमच्या बराकीत पोरं आईजवळ
सहापर्यंतच.
मग बालगृहाच्या बाई यायच्या,
पिशवीत नवीकोरी चप्पल घेऊन.
चंद्रभागा भोईटेचा बबन
चप्पल घालून दोन पावलं चालला, थांबला,
म्हणाला, तिकडं रात्री आम्हाला कोण मोजणार?
जन्मल्यापासून संध्याकाळची मोजणी ऐकत आलेलं पोर.
त्याला वाटे, मोजल्याशिवाय कुणाला झोप लागत नाही.
मी येईन की मोजायला, म्हणाले.
चंद्रभागा तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती,
चपलेकडे बघत होती.

गेले नाही.
बदली झाली. मग धाकट्याची बारावी.
मग काही नाही, नुसतीच गेले नाही.

"लाव ना दार!"
लावा लावा, लोइस हातानं सांगते,
फोटोसाठी सगळेच लावतात.
जाड फळ्यांचं दार, बिजागरीला तेल दिलेलं.
किती जोर लागेल ते तळहाताला ठाऊक.
एकतीस वर्षं लावत आले, डोळे मिटून लावलं असतं.
मी उंबऱ्यावर पाय रोवून उभी.
केतकी मोबाइल धरून, आई, जरा बाजूला व्हा.
नाही झाले.
फोटोत माझी पाठच आली आहे,
आणि माझ्या कोपराखालून
तनयचा एक डोळा.

आत गेलो अकरा. हिरवळीवर उतरलो, अकरा.
ही सवय काही जाणार नाही.
लोइसनं दार ओढून घेतलं.
तनय दोन्ही चपला हातात घेऊन
अनवाणी गवतात पळतोय,
कुणीतरी ओरडतंय, घाल त्या, काटे असतील.

मी त्याला एकट्यालाच पुन्हा मोजते.
एक.
गाडीत बसल्यावर, पट्टा लावताना,
पुन्हा एक.